हेल्मेटमधल्या चिठ्ठ्या

मंगळवार, रात्री साडेदहा

कूलरमध्ये तिसऱ्यांदा पाणी भरलं आणि बसलो. बाहेर अजून झळा मारताहेत आणि माझ्या टेबलावर समुद्र पसरलाय.

एमएस्सीच्या एका पोरानं प्रकल्पाला विषय घेतलाय, समुद्रावरच्या गस्तीचं गणित. "समुद्र पाहिला का रे?" विचारलं, तर म्हणे, "नाही जी सर. अंबाझरी तलाव पाहिला." चालतंय. कागदावर दोन्ही चौकोनच.

सुरुवात गणिती कूपमनच्या शोधाच्या सूत्रानं केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला पाणबुड्या हुडकायच्या होत्या, तेव्हाचं हे काम. समजा, बोटीला 10 किलोमीटर रुंदीचा पट्टा दिसतो, वेग ताशी 30, गस्त 8 तास. 2400 चौरस किलोमीटर पाणी नजरेखालून गेलं. क्षेत्र नेमकं तेवढंच असलं, तरी वाटेल तशी फिरणारी बोट त्या पाण्यातल्या एखाद्या चोराला गाठेल याची शक्यता 63 टक्केच, कारण तेच पाणी पुन्हापुन्हा ओलांडलं जातं. दुसरी बोट आणली की 86, तिसरी आणली की 95. आणि आपलं सागरी आर्थिक क्षेत्र, म्हणजे किनाऱ्यापलीकडचं आपल्या हक्काचं पाणी, वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठं! पोरगं हिरमुसलं. "मग पट्टे आखून सरळ फिरवा ना." फिरव. पण चोरालाही पट्टे पाठ होतात.

हे त्याला लगेच पटलं. पोलीस कुठल्या चौकात किती वाजता उभे असतात हे पठ्ठ्याला तोंडपाठ, म्हणून हेल्मेट कायम गाडीच्या हँडललाच.

मग समुद्राचे दोन भाग घेतले. अ मध्ये चोराचा फायदा 3, ब मध्ये 1, बोट एकच, ती असेल तिथे शून्य. "रोज अ मध्येच उभी करू." मग ब मध्ये त्याचा 1 पक्का. चारांतले तीन दिवस अ आणि एक दिवस ब, पण कुठला दिवस कुठे हे चिठ्ठीवर, तर दोन्हीकडे त्याच्या हाती सरासरी पाऊणच. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये बोस्टन बंदरातल्या गस्तीसाठी जी प्रणाली दिली, तिचा गाभा हाच, पसारा अर्थात कितीतरी मोठा.

चार चिठ्ठ्या, तीन अ आणि एक ब, हेल्मेटमध्येच टाकल्या. काढायची, लिहून घ्यायची, परत टाकायची. पाच वेळा ओळीनं अ. पोरानं गुपचूप सहावी ब लिहिली! मी पकडलं. ओळीनं पाच अ येण्याची शक्यता जवळजवळ 24 टक्के, त्यात नवल काय? पण माणसाच्या हाताला सलग तेच ते सोसवत नाही, तो मध्येच बदल घुसवतो, आणि चोर नेमका त्या बदलाची वाट पाहत बसतो. खोडायला लावलं. खरी सहावी चिठ्ठीही अ निघाली. इतका हसलो की आतून बायकोनं विचारलं, काहून एवढे हसता?

जाताना चिठ्ठ्या खिशात घातल्या त्यानं. हेल्मेट परत हँडलला.