शिकवलेला माणूस सोडून गेला तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली मी या प्रश्नाला हसून बगल देतो. कारखान्यांत कामगारांच्या प्रशिक्षणाची घडी बसवून देणं हे माझं काम. पहिल्याच बैठकीत मालक विचारतात, "यांना शिकवून तयार करायचं, आणि उद्या शेजारच्याने थोडे जास्त दिले की हे चालले. मग खर्च मी का करू?"

यावर एक टाळ्या घेणारं उत्तर आहे: 'आणि न शिकवता राहिले तर?' व्यासपीठावर ते छान वाजतं. मालकासमोर मी ते वापरत नाही, कारण त्यांची भीती खोटी नाही. माणसं जातात. नीट शिकलेली तर आधी जातात. महिनाभर स्वतःचं काम बाजूला ठेवून ज्याला घडवला, तोच राजीनामा घेऊन समोर उभा राहिला की अशा चुरचुरीत वाक्याने कुणाचं समाधान होत नाही.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात या भीतीची नीट फोड केली. काही कौशल्यं तुमच्याच कंपनीत कामाची असतात, तुमच्या त्या एका जुन्या मशीनच्या खोडी ओळखण्यासारखी. काही कुठेही चालतात: ड्रॉइंग वाचणं, वेल्डिंग, मायक्रोमीटर बरोबर धरणं. बाजारात मोकळी स्पर्धा असेल तर या दुसऱ्या प्रकारावर मालक स्वतःचा पैसा घालणार नाही, तो बोजा कामगारच कमी पगाराच्या रूपाने सोसेल, असा त्यांचा हिशेब. कागदावर चोख आहे. पण जर्मनीतल्या कंपन्या शिकाऊ मुलांवर वर्षानुवर्षं खर्च करत होत्या, आणि शिकवत होत्या ते कुठेही चालणारंच. डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी १९९० च्या दशकात त्याची कारणं शोधली. त्यातलं एक मला फार पटतं, कारण ते मी रोज बघतो. तुमचा माणूस किती तयार आहे हे तुम्हाला माहीत असतं, बाहेरच्याला नाही. बाहेरच्याला दिसतो त्याचा अर्ज. त्यामुळे त्याच्या कामाची पुरती किंमत बाजार लगेच देत नाही, आणि तो जे कमावून देतो आणि जे नेतो त्यात जी फट राहते, तिथून शिकवण्याचा खर्च भरून निघतो.

मी स्वतः शिकलो ते 'बघून शीक' या पद्धतीने. पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी मशीन दाखवलं, बटणं दाखवली, आणि सुपरवायझर निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात मी ऑफसेट, म्हणजे टूल कुठवर जावं याचा आकडा, मशीनमध्ये घालताना उणे चिन्ह विसरलो. टूल जॉबमध्ये, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्यात घुसलं, मशीनचा फिरणारा दांडा (स्पिंडल) दोन दिवस बंद. बोलणी मी खाल्ली, आणि मलाही तेव्हा वाटलं की चूक माझीच. पुढे एक जुने काका होते, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी शेजारी उभं राहून विचारलं, "उणे का घालायचं, सांग." मला सांगता येईना. त्यांनी वीस मिनिटं दिली. त्यानंतर ती चूक माझ्याकडून कधी झाली नाही. वीस मिनिटं एकीकडे, दोन दिवस दुसरीकडे. पण त्या दोन दिवसांची नोंद झाली 'ब्रेकडाउन' या नावाखाली, 'शिकवलं नाही' या नावाखाली नाही.

खरी गोम इथेच आहे. मशीन घेतलं की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतं, घसारा, म्हणजे त्याच्या झिजेचा खर्च, वर्षावर्षांवर वाटला जातो. माणूस शिकवला की सगळा खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ प्रमाणे प्रशिक्षणाचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, कारण शिकलेल्या माणसापासून होणाऱ्या फायद्यावर कंपनीचा पुरेसा ताबा नसतो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. माणसाला कुणी मालमत्ता म्हणायला लागला तर पहिला मीच भांडेन. पण परिणाम असा की मंदी आली की कात्री आधी तिथे लागते. आणि अडाणीपणाच्या खर्चाला तर खातंच नसतं. तो स्क्रॅपमध्ये असतो, रिवर्कमध्ये असतो, ओव्हरटाइममध्ये असतो, गिऱ्हाईक परत न येण्यात असतो.

म्हणून मालकांना मी सांगतो की खर्च करायचा की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. तो चालूच आहे, फक्त कुठे चाललाय ते दिसत नाही.

हे पटलं की दुसरी चूक होते. दोन दिवसांचं वर्ग-प्रशिक्षण ठरतं, प्रोजेक्टर लागतो, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतो. हरमन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक अक्षरगट पाठ केले तर त्यातलं बरंचसं पहिल्याच दिवसात पुसलं जातं. मशीनपासून तोडून शिकवलेल्या गोष्टी कामगाराच्या दृष्टीने अशाच निरर्थक असतात. सोमवारी तो जागेवर परत येतो, आणि सुपरवायझर म्हणतात, "ते तिकडचं तिकडे, इथे आपली पद्धत."

याहून स्वस्त आणि जुनी पद्धत आहे. १९४० मध्ये अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नवखी माणसं भराभर घ्यावी लागली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना सुरू झाली. तिने फोरमन लोकांना धरलं आणि काम शिकवायचं कसं ते शिकवलं: दोन-दोन तासांच्या ५ बैठका, एकूण १० तास. पायऱ्या ४. शिकणाऱ्याला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून बघत राहा. फोरमनच्या खिशातल्या कार्डावर लिहिलेलं असे: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. १९४५ मध्ये योजना बंद होईपर्यंत ती १६ हजारांहून जास्त कारखान्यांत पोचली होती. पुढे ती जपानने उचलली आणि सोडली नाही. आमचे काका हे कार्ड कधी न बघता तेच करत होते.

सरकारांनी सक्तीही करून बघितली. फ्रान्सने १९७१ मध्ये कंपन्यांना पगारखर्चाच्या ०.८ टक्के प्रशिक्षणावर घालायला लावले, ब्रिटनने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांवर ०.५ टक्क्याचा कर बसवला. सक्तीने पैसा जमा होतो. सुपरवायझरची वीस मिनिटं मात्र होत नाहीत, ती मालकालाच मोकळी करून द्यावी लागतात. त्या वेळात उत्पादन कमी निघालं तर बोलायचं नाही, एवढं जरी त्याने पाळलं तरी पुष्कळ.

बाँडबद्दलही विचारता, म्हणजे शिकवल्यावर ठरावीक काळ सोडून जाणार नाही असं कामगाराकडून लिहून घेण्याबद्दल. मला तो आवडत नाही. बाँडमुळे राहिलेला माणूस दिवस मोजत राहतो. त्यापेक्षा कोणतं काम आलं की पगार कितीने वाढेल हे आधीच लिहून द्या, आणि ते काम आलं त्या महिन्यापासून द्या. बहुतेक माणसं शिकली म्हणून जात नाहीत. शिकूनही पगार पूर्वीचाच राहिला म्हणून जातात.

सुरुवातीला मी एकच कागद करायला लावतो. डावीकडे माणसांची नावं, वर कामांची. काम एकट्याने जमतं त्याला एक टिंब, दुसऱ्याला शिकवता येतं त्याला दोन. ज्या रकान्यात एकाच नावापुढे टिंब आहे, तिथून सुरू करायचं. एका मालकांनी असा कागद केला तेव्हा सर्वांत अवघड सेटिंगच्या रकान्यात एकच नाव आलं, त्यांचं स्वतःचं. चार वर्षांत त्यांनी सलग आठ दिवस रजा घेतली नव्हती. त्यांनी मग तिघांना तयार केलं. एक गेला, दोघं आहेत. गेलेल्याबद्दल ते अजून माझ्याकडे कुरकुर करतात. फोन मात्र सुट्टीवरून असतो.