चेनची ढील

सिंगलस्पीड, म्हणजे एकाच गिअरच्या, सायकललाही तीन गिअर असतात, असं ती चालवणारे सांगतात: बसून, उभं राहून आणि उतरून ढकलत. विनोद जुना आहे, पण खोटा नाही. चढ आला की गिअरवाल्याचं काम बोटावर भागतं. सिंगलस्पीडवाल्याला सीटवरून उठावं लागतं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही की खाली उतरावं लागतं.

आपल्याकडे अशा सायकलला वेगळं नाव द्यायची वेळच आली नाही. दूधवाल्याची, पोस्टमनची, डबेवाल्याची, ती नुसती सायकल. पुढे ४४ दातांची चेनव्हील, मागे १८ दातांचं फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारं चक्र) आणि २८ इंची चाक धरलं, तर ४४ भागिले १८ गुणिले २८, म्हणजे ६८ इंचांचा गिअर. हे इंच उंच चाकांच्या जमान्यातले. तेव्हा चेनच नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकाला, त्यामुळे चाकाचा व्यास सांगितला की गिअर सांगून व्हायचा. ६८ इंची गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरला जराशी कमी जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी वीस किलोमीटरच्या आत-बाहेर. सपाट रस्त्यावर ओझं लादून दिवसभर हिंडायचं तर या आकड्याला नावं ठेवायला जागा नाही. सिंहगडाच्या चढावर मात्र तिसरा गिअर, म्हणजे ढकलणं, ठरलेलं.

१९९०च्या दशकात अमेरिका-ब्रिटनमधल्या काही माउंटन बाइकवाल्यांनी चांगले एकवीस-चोवीस गिअर काढून फेकले, थोडं चिखलाला कंटाळून आणि थोडं खोडसाळपणाने. त्यांचा ठोकताळा दोनास एक: २६ इंची चाकाला पुढे ३२, मागे १६, म्हणजे ५२ इंच. २९ इंची चाकं आली तशी मागचे दाते वाढत वीसपर्यंत गेले. गिअर जड लावला तर आधी गुडघे बोलतात. हलका लावला तर उतारावर पाय नुसते गरगर फिरतात आणि सायकल काही पुढे ओढत नाही, याला ते ‘स्पिन आउट’ म्हणतात. त्यांच्या जागतिक स्पर्धेत जिंकणाऱ्याच्या अंगावर गोंदण काढतात. नको म्हणायची सोय नाही. एवढं वाचून ही मंडळी कशाकडेच गंभीरपणे बघत नसतील असं वाटेल, पण चेनच्या ढिलाईचा विषय काढून बघा.

ती चेन हीच खरी गोम आहे. गिअरच्या सायकलला मागे गिअर बदलणारा डिरेलर असतो, तो स्प्रिंगच्या जोरावर जादा चेन खाऊन टाकतो. सिंगलस्पीडला खाणारं कोणी नाही. चेन सैल राहिली तर खड्ड्यात उडून पडते, तीही बहुतेक वेळा उभं राहून जोर लावत असताना, आणि मग गुडघा हँडलवर आपटतो. फार आवळली तर हबचे आणि बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन पायडलांमधला अक्सल फिरतो ती जागा) छर्रे रगडले जातात आणि पायडल जड फिरतं. वरच्या किंवा खालच्या बाजूला चेनच्या मधोमध बोट ठेवून दाबायचं. वर-खाली मिळून अर्धा इंच हलली की ताण बरोबर.

पण हे मोजायचं कुठे, यात बहुतेकांची चूक होते. चेनव्हील तंतोतंत गोल क्वचितच असते, किंवा बरोबर मध्यावर बसलेली नसते. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हळूहळू फिरवली की एका जागी चेन ताठ होते, समोरच्या जागी लोंबते. अर्धा इंच मोजायचा तो ताठ जागी. सैल जागी मोजून आवळलं, तर अर्ध्या फेऱ्यानंतर चेन तारेसारखी ताणते आणि दर फेऱ्याला कुई-कुई करते. चेनव्हील पाच बोल्टांवर बसवलेली असेल तर उपाय सोपा आहे. बोल्ट किंचित सैल करायचे, चेन ताठ होईल तिथे क्रँक थांबवायची, चेनवर पान्ह्याच्या मुठीने हलकी टिचकी मारायची. चेनव्हील केसभर सरकते. पुन्हा फिरवायची, पुन्हा टिचकी. तीन-चार फेऱ्यांत फरक जवळजवळ जातो, मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. दूधवाल्याच्या त्या साध्या काळ्या सायकलची चेनव्हील क्रँकलाच कायमची जोडलेली असते, तिथे ही कला चालत नाही. जो वाकडेपणा असेल तो धरूनच ताण ठरवायचा.

चेन ताणायला मागचं चाक मागे ओढतात, त्यातही असाच क्रम आहे. दोन्ही नट सैल, चाक मागे, उजवा नट हातापुरता पक्का, मग रिम मधोमध आणून डावा पक्का आणि शेवटी पुन्हा उजवा. उजवा नट कमी आवळला गेला तर पायडलच्या जोराने चेन अक्सलची उजवी बाजू पुढे ओढते आणि टायर डावीकडच्या नळीला घासायला लागतो. ‘चाक आउट झालंय’ म्हणून कोणी तारा आवळायला बसला तर त्याला आधी हा नट दाखवावा.

अक्सलची खाच उभी असलेल्या फ्रेमवर चाक मागे ओढताच येत नाही. तिथे काही जण ‘मॅजिक गिअर’ शोधतात, म्हणजे दात्यांची अशी जोडी की चेन आपोआप ताठ बसावी. हिशेब असा की मागे एक दाता वाढवला तर अक्सल सव्वातीन मिलिमीटर सरकल्याचा फरक पडतो, आणि चेनमध्ये हाफ लिंक (अर्धी कडी) घातली तर त्याच्या दुप्पट. जोडी जमली की गडी खूश. पण पन्नास इंचांची चेन अर्धा टक्का झिजून लांबली की तीच पाव इंचाने वाढते, म्हणजे पुन्हा बरोबर एका दात्याचा घोळ. माझ्या मते ही जादू नव्या चेनपुरती आहे. फिक्सीवाल्यांचा हिशेब निराळाच. फिक्सीला फ्रीव्हील नसतं, चाक फिरलं की पायडलही फिरणारच. त्यांची सायकल पाय थांबवून घसरवत उभी करायची असते, त्यामुळे ४८ आणि १६ लावले तर टायर दरवेळी एकाच जागी झिजतो. ४७ आणि १७ लावले की तीच झीज सतरा जागी वाटली जाते.

उभ्या खाचेवरचा खरा इलाज टँडमवाल्यांकडून आला. टँडम म्हणजे दोघांची, दोघेही पायडल मारणारी सायकल. आपली डबलसीट ती नव्हे. कॅरिअरवरचा माणूस चढावर फार तर पायडलच्या उरलेल्या कडेवर टाच टेकवून हातभार लावतो, आणि एकेकाळी पोलिसाने अडवलं की उतरून पळतो. टँडमला दोन चेन असतात. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनला बहुधा डिरेलर असतो, पण पुढची आणि मागची क्रँक जोडणारी ‘टायमिंग चेन’ असते बिनगिअरची, म्हणून तिची ढीलही सिंगलस्पीडसारखीच छळते. त्यासाठी पुढच्या बीबीत ‘एक्सेंट्रिक’ बसवतात. हा ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा, अक्सलचं भोक मधोमध नसून कडेला. ठोकळा फिरवला की क्रँक थोडी पुढे-मागे जाते आणि चेन ताणता येते. ज्या जुन्या टँडमवर तो स्क्रूने पकडतात, तिथे स्क्रूची टोकं ॲल्युमिनियमला खळगे पाडतात. पुढच्या वेळी दोन मिलिमीटर हलवायचं म्हटलं की स्क्रू घसरून जुन्याच खळग्यात जातो. ठोकळा थोडा डावी-उजवीकडे सरकवून नवी जागा द्यावी लागते.

टायमिंग चेन सैल राहून एक दाता जरी उडाली, तरी ३९ दातांच्या चेनव्हीलवर दोघांच्या पायांत नऊ अंशांचा फरक पडतो. काही जोड्या मुद्दाम नव्वद अंशांचा ठेवतात, म्हणजे एकाचा पाय मेल्या बिंदूवर (अगदी वर किंवा खाली, जिथे जोर लागत नाही) असताना दुसऱ्याचा जोरात. ओढ सलग लागते, पण दोघांनी एकदम उभं राहायचं म्हटलं की तारांबळ. टायमिंग चेन बहुधा डाव्या बाजूला असते, म्हणून तिथल्या क्रँकला डाव्या आट्यांचं पायडल आणि चेनव्हील दोन्ही लागतात. दुकानातली साधी उजवी क्रँक डावीकडे फिरवून बसवली, तर पायडल चालता चालता सैल होत जातं.

पुढचा ‘कॅप्टन’, मागचा ‘स्टोकर’. हँडल, ब्रेक, गिअर सगळं पुढे, मागच्याला फक्त पाय आणि समोर एक पाठ. निघताना कॅप्टन दोन्ही पाय फाकवून दोन्ही ब्रेक दाबून उभा राहतो. स्टोकर चढतो, दोन्ही पाय पायडलवर अडकवतो, क्रँक कॅप्टनच्या सोयीच्या जागी फिरवून देतो. मग ‘तयार?’, ‘तयार’, आणि ब्रेक सुटतो. चाललं की खड्डा आला, पाय थांबव, गिअर टाकतोय, उठतोय, असं सगळं तोंडाने सांगायचं. मागच्याला खड्डा दिसत नाही, तो थेट बसतो. रस्त्यावरचे लोक ‘मागचं माणूस पायडल मारत नाहीये!’ असं ओरडतात. हा विनोद टँडमवाल्यांनी इतक्यांदा ऐकलेला असतो की हसणं सवयीने येतं. पॅरालिम्पिकमध्ये तर दृष्टिहीन खेळाडू मागे आणि डोळस साथीदार पुढे अशीच शर्यत होते.

टँडमवर वजन जवळजवळ दुप्पट, पण वारा कापणारी छाती एकच. म्हणून सपाटीवर आणि उतारावर ती एकट्या सायकलला मागे टाकते आणि चढावर रडते. लांब घाट उतरताना नुसत्या रिम ब्रेकवर भार टाकला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून जुनी मंडळी मागच्या हबला जपानी अराई कंपनीचा ड्रम ब्रेक लावायची, वेग बांधून ठेवण्यापुरता. तो आता बनत नाही, जुना मिळाला तर सोडू नये. मागच्या चाकाला ४० किंवा ४८ तारा लावायची चालही याच भारामुळे.

आणि टँडम कर्र-कर्र करायला लागली की दोघे एकमेकांच्या पायडलवर संशय घेतात. आधी एक्सेंट्रिक बाहेर काढून, पुसून, बाहेरून ग्रीस लावून परत बसवावा. त्यानंतरही आवाज आला, तर मागच्या सीटची दांडी, म्हणजे सीटपोस्ट, बघावी.