मळायचं नाही

रविवार, १२ एप्रिल. एडिंबरा

सकाळी पाऊस उघडला तशी कापडी पिशवी घेऊन नदीकडे गेले. वॉटर ऑफ लीथ ही म्हणायला नदी. आपल्याकडे तिला ओढाच म्हटलं असतं. काठच्या झाडांना आत्ता कुठे पालवी फुटते आहे, पण बुंध्यांशी सगळं हिरवंगार. दिसायच्या आधी वासच येतो, कांद्याची पात चिरल्यासारखा. फ्यू-फ्लॉवर्ड लीक म्हणतात इथे त्याला, एक प्रकारची रानटी पातच. अरुंद लांबट पान आणि मान खाली घातलेलं एखादंच पांढरं फूल. मूळचं कॉकेशस आणि इराणकडचं. इथे आलं आणि रानातल्या वसंतातल्या फुलांच्या उरावर बसलं, इतकं की ते रानात लावणं आता कायद्याने गुन्हा आहे. मी नुसती पानं खुडते. फुलाशी लगडलेल्या बारीक कंदिका वाटेत सांडल्या तर तिथेही हेच माजणार. आणि पान न् पान बघून घेते, कारण त्याच गर्दीत अळूच्या कुळातली एक विषारी वनस्पती उगवते. तिची पानं बाणाच्या टोकासारखी असतात. हाताला एकदा कांद्याचा वास लागला की नाकाचा उपयोग नाही, डोळेच वापरावे लागतात.

आज चीज स्कॉन करायचे होते, म्हणजे चीज घातलेले छोटे, फुगीर, खुसखुशीत पाव. इथे सगळे स्कॉनच म्हणतात, इंग्लंडमध्ये बरेच जण स्कोन. शेजारच्या आजींची ताटली चार दिवस माझ्याकडे होती आणि ती रिकामी परत द्यायची माझी तयारी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्कॉन केले ते पोळ्यांच्या कणकेसारखे. पीठ भिजवलं, तळहाताने रगडून रगडून तिंबलं, वर ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवलं. आईने लहानपणापासून हेच शिकवलं होतं: कणीक जितकी तिंबशील तितकी पोळी मऊ. ओव्हनमधून निघाल्या त्या चपट्या, चिवट चकत्या. मला फार वाईट वाटलं होतं, कारण सामान चांगलं होतं आणि कष्टही कमी केले नव्हते. आजींनी एक हातात घेऊन दाबून पाहिला, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली आहेत. जोर लावणं त्यांना शक्यच नव्हतं. मी नुसती बघत उभी होते. पिठात त्यांनी ताक ओतलं आणि हात न घालता साध्या जेवणाच्या सुरीने कालवलं, भातात मेतकूट कालवावं इतक्या हलक्याने. गोळा जेमतेम जमला. कडेला कोरडं पीठ दिसत होतं, माझे हात ते एकजीव करायला शिवशिवत होते. त्यांनी मान हलवली. मळायचं नाही. दोनदा थापटलं, झालं.

त्यांची आई हे ओव्हनमध्ये करायचीच नाही. गर्डलवर, म्हणजे जाड लोखंडी तव्यावर, एक मोठा गोल थापून त्याचे चार तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंनी भाजायचे. स्कॉटलंडची मूळ पद्धत हीच. मला एकदम घरचा थालीपिठाचा तवा आठवला.

आज २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, म्हणजे आधीच बेकिंग पावडर मिसळलेला मैदा, घेतलं, वर चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा मोहरीची पूड. मोहरी वेगळी लागत नाही, पण ती नसली की चीज मुळमुळीत वाटतं. मीठ चिमूटभरच, चेडर मुळात खारट. फ्रीजमधून काढल्या काढल्या ५० ग्रॅम बटर चिरून घातलं. खाऱ्या शंकरपाळ्यांना आई कडकडीत तेलाचं मोहन घालते आणि मूठ दाबून मुटका वळतो का बघते. इथे उलट. फक्त बोटांची टोकं लावायची, तळहात नाही, कारण तळहाताच्या उबेने बटर वितळतं. जाडसर रव्यासारखं दिसलं की थांबायचं. बटरचे ते बारके कण ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच पीठ उचलते. आणि ओलं पीठ मळत राहिलं की त्याला तार येते. पोळीला ती हवीच, इथे तीच वैरीण.

मग १०० ग्रॅम किसलेलं जुनं चेडर, मूठभर चिरलेली पात आणि कुंडीतल्या थाइमची पानं. थाइम बोटांत चुरडलं की मला दर वेळी घर आठवतं. ओव्यात असतो तोच थायमॉल यातही आहे, म्हणून वास इतका ओळखीचा. थेट आईच्या ओवा घातलेल्या पुऱ्यांपाशी नेऊन सोडतो.

दही घुसळून केलेलं ताक १५० मिलीला थोडं कमीच लागलं. इंचभर जाड थापलं, वाटी पिठात बुडवून सरळ खाली दाबली. वाटी फिरवली तर कडा मिटतात आणि स्कॉन एका अंगाला कलतो. दूध फक्त माथ्यावर लावलं, कडेने ओघळू दिलं नाही. २०० अंशांवर पंख्याच्या ओव्हनमध्ये चौदा मिनिटं.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, तडे गेलेत की मधोमध!"

"आई, तसेच जायला हवेत. तिथूनच हाताने मोडायचा."

"मग बरोबर. तिंबलं नाहीस ना?"

दोन वर्षांपूर्वी मी रडवेली झाले होते ते तिच्या लक्षात आहे. मला बोलताच येईना क्षणभर.

सहा स्कॉन फडक्यात गुंडाळून ताटलीत घेऊन गेले. या हिवाळ्यापासून आजींना सुरीसुद्धा नीट धरवत नाही, पीठ कालवणं तर दूरच. त्यांनी एक उचलला, उलटा करून बूड बघितलं, मग तड्यात अंगठा घालून उघडला. वाफ निघाली. बटर मी लावून दिलं. खाताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दुसरा स्वतःहून घेतला.

निघताना ताटली धुऊन परत माझ्या हातात दिली, वर बागेतल्या रुबार्बचे तीन देठ. म्हणजे ताटली पुन्हा माझ्याकडेच.

रात्री: दोन उरलेत, उद्या सकाळी ओव्हनमध्ये पाच मिनिटं गरम करून डब्यात. पुढच्या वेळी पात दोन मुठी घालायची. मेअखेर ती नदीकाठावरून नाहीशी होते.