मिडविंटरचा फुगा

अंटार्क्टिकातल्या आपल्या 'मैत्री' तळावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बुडाला की तो जुलै संपत येताना उगवतो. मध्ये रोज दुपारी उत्तरेला थोडा वेळ तांबडं फुटतं, तोच काय तो दिवस.

२१ जूनला अंटार्क्टिकातले सगळे तळ मिडविंटर साजरा करतात. देशोदेशीच्या तळांवरून शुभेच्छांच्या मेल आल्या होत्या, आत गुलाबजाम तळणं चालू होतं. माझं लक्ष मात्र वाऱ्याकडे. हिमवादळामुळे ओझोन मोजणारा फुगा कधीचा रखडला होता. दुपारी वारा एकदम पडला आणि आचारी सोडून दिसेल त्याला मी बाहेर काढलं.

इथल्या हिवाळ्यात वीसेक किलोमीटरवर तापमान उणे ८० च्याही खाली जातं. तिथे रबर कडक होऊन फुगा लवकर फुटतो, म्हणून तो आधी तेलात भिजवायचा. खाली लोंबणाऱ्या डबीत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. त्यातून छोटा पंप हवा ओढतो, ओझोनमुळे किंचित वीज वाहते आणि तो आकडा रेडिओवरून आपल्याकडे येतो. द्रावण गोठलं की सगळंच मुसळ केरात, त्यामुळे डबी शेवटपर्यंत माझ्या जॅकेटच्या आत.

"सोडा की ओ साहेब, बोटं गेली माझी!" आमचा जनरेटरवाला कोल्हापूरचा. त्याच वेळी झुळूक आली, फुगा आडवा झाला, डबी खडकाला घासतेय असं वाटलं, पण निघाला. मिनिटाला साधारण ३०० मीटर.

आत येऊन पडद्यावर आलेख बघत बसलो. जनरेटरवालाही बाजूला येऊन टेकला.

"भोक कुठंय ह्यात?"

"अजून पडलेलं नाही."

मग त्याला सांगितलं. या गारठ्यात वर ढग बनतात, त्यांच्या कणांवर आपल्या जुन्या फ्रिज-एसीतल्या वायूंचं क्लोरीन तयार होऊन बसतं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू बंद होत गेले, पण हवेतून जायला त्यांना अनेक दशकं लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात वर ऊन पडलं की ते क्लोरीन ओझोन खायला लागतं. त्याआधी ओझोन किती होता, ते आजच्यासारख्या फुग्यांवरूनच कळतं.

"आयला! म्हणजे आम्ही महिनाभर ज्याची वाट बघतोय, त्यो आला की भोक पडणार?"

"त्याचा काय दोष?" म्हटलं, "क्लोरीन आपलं."

त्याने मान डोलावली आणि गुलाबजाम संपायच्या आत गेला. मला फुगा फुटेपर्यंत उठता येणार नव्हतं.