आमची वाटचाल : राडारोडा, तंतू आणि बादलीभर पाणी

आमची कंपनी सुरू झाली ती काँक्रीट ओतायला नव्हे, तोडलेलं काँक्रीट उचलायला. पाडकामाचा राडारोडा आणायचा, लोखंड काढून घ्यायचं, उरलेलं क्रशरमधून काढून भरावासाठी विकायचं. पोट भरायचं, पण भरावाला भाव कोण देतो? खडी म्हणून विकायला गेलो की समोरचा तोंड वाकडं करायचा. 'ही पाणी पिते हो,' हे ठरलेलं उत्तर. तक्रार खोटी नव्हती. दगडाची चांगली खडी दोन टक्क्यांच्या आतच पाणी शोषते. आमची पाच-सहा टक्के सहज शोषायची, कारण प्रत्येक खड्याला जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला.

मग आम्ही उलटा विचार केला. फार ताकद लागत नाही, वाळू जवळजवळ लागतच नाही, असं कुठलं काँक्रीट आहे? सच्छिद्र काँक्रीट. एकाच मापाची खडी घ्यायची, तिला सिमेंटचा पातळ लेप द्यायचा आणि खड्यांमधली जागा तशीच सोडायची. साधारण 15 ते 25 टक्के पोकळी राहते आणि पाणी वरून पडलं की खाली निघून जातं. पार्किंग, पायवाटा, अंगणं यांना हे पुरतं.

पहिल्या नमुन्यावर पाणी ओतलं तर बादली रिकामी व्हायच्या आत गायब. आम्ही खूश! दुसऱ्या दिवशी भागीदाराने रंगीत पाणी ओतून बघितलं. अर्ध्याहून जास्त पाणी काँक्रीटमधून जातच नव्हतं, नमुना आणि साच्याची भिंत यांच्यामधल्या फटीतून पळत होतं. नमुन्याला रबराची घट्ट बाही चढवून पुन्हा मोजलं आणि आकडा धाडकन खाली आला. तेव्हापासून कुणी पाझराचा भारी आकडा सांगितला की मी आधी विचारतो, कडा कशा बंद केल्या होत्या?

मोजण्याची रीत तशी सोपी आहे. नमुन्यावर नळी उभी करायची आणि पाण्याची पातळी एका खुणेपासून दुसरीपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं. मागचं गणित फ्रेंच अभियंता डार्सीच्या 1856 च्या नियमाचं, छिद्रांच्या थरातून पाणी किती वेगाने जातं ते सांगणारा नियम. पण तो नियम संथ वाहणाऱ्या पाण्याचा आहे. इतक्या मोठ्या छिद्रांतून पाणी उसळत जातं, त्यामुळे पातळी बदलली की उत्तरही थोडं बदलतं. म्हणून दोन नमुन्यांची तुलना करायची तर खुणा त्याच ठेवायच्या.

खरी फजिती पहिल्या मोठ्या कामावर झाली. वरून बघितलं तर मधाच्या पोळ्यासारखी सुंदर फरशी, पण पाणी वर तुंबलेलं. एक तुकडा कापून काढला. वरचे दोन-तीन इंच मोकळे आणि तळाशी सिमेंटचा गुळगुळीत थर, अगदी काचेसारखा. लेप ओघळून खाली बसला होता. कारण आमच्याच खडीत होतं. ढीग कोरडा असला की ती मिक्सरमधलं पाणी ओढून घ्यायची, मग मिस्त्री डोळ्यांच्या अंदाजाने वरून पाणी घालायचे. पुढची खेप ढिगाच्या ओल्या बाजूची, त्यात तेवढंच पाणी घातलं की लेप सुटायचा. आता खडी आदल्या दिवशी धुऊन भिजत घालतो आणि पाणी निथळू देतो. ओतण्याआधी मिस्त्री मूठभर माल घेऊन वळून बघतात. गोळा टिकला, खडा ओला चमकला आणि तळहाताला लगदा राहिला नाही, की म्हणतात, 'चला, ओता.' ओतल्यावर थापी फिरवायची नाही, रूळ फिरवायचा आणि लगेच प्लास्टिकखाली सात दिवस झाकून ठेवायचं. पोकळीतून वारा जातो, त्यामुळे हे काँक्रीट फार पटकन सुकतं.

तंतू आले ते निराळ्याच दुखण्यामुळे. गाडीचं चाक जागच्या जागी वळलं की वरचे खडे सुटायला लागायचे. जुन्या टायरमधली तार घालून बघितली, पण हवा आणि पाणी मोकळेपणाने खेळतं तिथे ती गंजणारच. वर तांबूस डाग उमटले. शेवटी टाकाऊ पोत्यांपासून कापलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंवर स्थिरावलो. आकारमानाच्या 0.1 टक्का, म्हणजे घनमीटरला सुमारे 900 ग्रॅम. ऐकायला नगण्य, पण कडा धरून ठेवतात. हावरेपणाने तिप्पट घातले तेव्हा मिक्सरमध्ये त्यांचे गोळे झाले, ते पोकळीत अडकले आणि पाझर घटला. तंतूंनी पाणी जास्त जातं असं आम्ही कुणाला सांगत नाही. पाणी पोकळीतून जातं, तंतू फक्त फरशी शाबूत ठेवतात.

काम झालं की जागेवरची चाचणी गिऱ्हाइकासमोरच करतो. 300 मिलिमीटर व्यासाचं कडं फरशीवर चिकटवायचं, आधी थोड्या पाण्याने जागा ओली करायची, मग 18 लिटर ओतून घड्याळ लावायचं. एवढं पाणी म्हणजे त्या कड्यात 255 मिलिमीटरचा थर. तो 50 सेकंदांत गेला तर पाझर ताशी 18 मीटरहून जास्त. एवढा पाऊस कुठेच पडत नाही. गिऱ्हाईक हसतं आणि मला तिथेच घाई करावी लागते, 'थांबा, खाली काय आहे ते बघा.' फरशी नुसतं दार आहे. खाली चिकणमाती असेल तर पाणी खडीच्या थरातच थांबणार. 15 सेंटीमीटरच्या थरात 40 टक्के पोकळी धरली तर 60 मिलिमीटर पाऊस मावतो. बाकीच्याची वाट आधीच काढून ठेवावी लागते.

एका गिऱ्हाइकाने बागेसाठी आणलेली माती फरशीवरच ओतून ठेवली होती. पहिल्याच पावसात ती छिद्रांत उतरली आणि आम्हाला फोन, 'तुमचं काँक्रीट फुकट गेलं.' रागावून काय करणार? त्यांना आधी सांगायला हवं होतं, ते आम्ही सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक कोटेशनवर वर्षातून दोनदा सफाई लिहिलेली असते.

आमच्या आवारातली पहिली फरशी अजून आहे. ट्रक तिच्या बाजूनेच जातात, धूळ भरपूर. गेल्या वेळी तिच्यावर 18 लिटर पाण्याला चार मिनिटं लागली. व्हॅक्यूम लावला, दाबाच्या पाण्याने धुतली, मग पुन्हा कडं चिकटवलं. 80 सेकंद. मिस्त्री म्हणाले, 'नवी होती तेव्हा 50 होते.' मी वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवले.