तुम्ही की तू

पहिली पाच मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पडद्यावर सैनिकाने तोंड उघडायच्या आधीच त्याचं वाक्य खाली येऊन गेलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. माझ्या पोटात गोळा आला.

सिनेमा होता मायकेल काकोयानिसचा १९७७चा 'इफिजेनिया'. आमच्या फिल्म सोसायटीसाठी मी मराठी सबटायटल्स केली होती. ती ज्या कॉपीवरून केली ती सेकंदाला २५ फ्रेम्सची, आणि त्या संध्याकाळी लागलेली २४ची. म्हणजे मिनिटाला अडीच सेकंदांची तफावत. दहा मिनिटांत पंचवीस सेकंद! तपासायला हवं होतं, तपासलं नव्हतं. खेळ थांबवून दुरुस्त करायला वेळ नव्हता. सोसायटीचे काका कानाशी येऊन म्हणाले, "हाताने सोडता येतील का गं?"

हाताने, म्हणजे प्रत्येक ओळीला स्पेसबार. मला ग्रीक येत नाही. भाषांतर इंग्रजी सबटायटल्सवरून केलेलं. पण दीड महिना तोच सिनेमा ऐकून कान तयार झाला होता. 'पातेरा' ऐकू आलं की मुलगी बापाला हाक मारतेय, एवढं पक्कं. त्या शब्दाच्या आधारावर मी निम्मा सिनेमा ओढला.

गोष्ट प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसची. ट्रॉयला निघालेलं ग्रीक सैन्य ऑलिसच्या किनाऱ्यावर अडकलंय, वारा पडलाय. त्यातच सैन्याच्या हातून आर्टेमिस देवीचं पवित्र हरीण मारलं गेलंय. पुरोहित काल्कास सांगतो, देवीला सेनापती अगामेम्नॉनच्या थोरल्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी द्या. मग बाप घरी खोटा निरोप धाडतो, योद्धा अकिलीसशी लग्न ठरलंय, पोरीला घेऊन या. आई लग्नाच्या तयारीने येते. काकोयानिसने याआधी युरिपिडीसवरच 'इलेक्ट्रा' (१९६२) आणि 'द ट्रोजन विमेन' (१९७१) केले होते, पण मला हाच सगळ्यांत जवळचा वाटतो. यातलं उन्हात कुजत बसलेलं, उपाशी, चिडलेलं सैन्य बघितलं की देवाची आज्ञा नक्की कुणाची, असा प्रश्न पडतो.

भाषांतर करताना माझं अडलं होतं ते एका क्षुल्लक जागी. क्लिटेम्नेस्ट्रा, म्हणजे पोरीची आई, नवऱ्याला काय म्हणेल, तुम्ही की तू? इंग्रजी 'यू' या बाबतीत अगदी निरुपयोगी. राणी आहे, चारचौघांत बोलतेय, म्हणून मी सरसकट 'तुम्ही' ठेवलं होतं. काकांनाही तेच बरं वाटलं होतं. "ऐतिहासिक नाटकासारखं भारदस्त वाटतं," म्हणाले होते.

मग तो प्रसंग आला. कट उघडा पडलाय, आणि क्लिटेम्नेस्ट्रा झालेली आयरीन पापास नवऱ्यासमोर उभी राहून जुना हिशेब काढते: माझा पहिला नवरा टँटलस, त्याला मारलंस, माझं अंगावर पिणारं पोर मारलंस. (हे युरिपिडीसच्या मूळ नाटकातही आहे. ज्या बाईच्या संसाराची सुरुवातच अशी, तिला पुढे नवऱ्याची मारेकरीण म्हणूनच जग ओळखतं.) एरवी मी वेळेच्या आकड्यांकडे बघत काम करते. त्या दिवशी पहिल्यांदाच फक्त तिचा आवाज ऐकत होते. आणि माझ्या स्क्रीनवर पुढची ओळ तयार होती, 'तुम्ही मारलंत'.

ते 'त' डोळ्यांत खुपलं. त्या आवाजात 'अहो' उरलेलं नव्हतं.

चार सेकंद हातात होते. 'तुम्ही' खोडून 'तू' केलं, 'मारलंत'चं 'मारलंस', आणि स्पेसबार. पुढच्या दोन ओळी तशाच धावत बदलल्या. तिसरीत एक 'तुम्हाला' राहूनच गेलं.

मध्यंतर नव्हतं, त्यामुळे बोटं शेवटापर्यंत तशीच. नाटकाच्या आपल्यापर्यंत आलेल्या शेवटात ऐन वेळी मुलीच्या जागी हरिणी येते, आणि तो भाग मागाहून जोडलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. काकोयानिसने ती पळवाट ठेवलेलीच नाही. पोर पायऱ्या चढते आणि वारा सुटतो.

खेळानंतर एक कॉलेजचा मुलगा भेटला. त्याने ग्रीक दिग्दर्शक लान्थिमोसचा २०१७चा 'द किलिंग ऑफ अ सेक्रेड डिअर' पाहिला होता: त्यात बाप हार्ट सर्जन आहे, आणि घरातलं एक माणूस स्वतःच्या हाताने मारायचं आहे. "नावातलं हरीण कुठून आलं ते आज कळलं," म्हणाला. सबटायटल्सच्या घोळाबद्दल अवाक्षर नाही.

काका मात्र खुर्च्या आवरताना म्हणाले, "राणी मध्येच अरेतुरेवर आली."

"हो."

"ते एक 'तुम्हाला' राहिलंय बघ. तेही काढ."

रात्री घरी जाऊन फाइल उघडली. आधी फ्रेम रेट, मग ते 'तुम्हाला'. ऑलिसला पोहोचल्यावरचे तिचे पहिले संवाद पुन्हा वाचले, तिथलं 'तुम्ही' तसंच ठेवलं.