पुढच्या दाताचं इम्प्लांट आणि हाडाची जाडी
आज एक ताई आल्या, वरचा पुढचा दात मुळापाशी मोडलेला, मुलीचं लग्न तोंडावर आलंय म्हणून म्हणाल्या डॉक्टर आजच काढा आणि लगेच इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रूसारखा कृत्रिम मूळ) बसवा. म्हटलं थांबा, आधी बघू तरी. हिरडीच्या कडेत हळूच प्रोब (मोजायची बारीक धातूची सळई) सरकवला तर त्याचा करडा रंग बाहेरून दिसत होता, म्हणजे हिरडी पातळ, साधारण १ मिमीच्या आतली, आणि तिच्यामागचं हाडही बहुतेकदा तसंच असतं. मग सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन) काढला, ओठ रिट्रॅक्टरने (ओठ ओढून धरायचं साधन) बाजूला धरून, नाहीतर ओठ हिरडीला चिकटून येतो आणि हिरडीची जाडी मोजताच येत नाही (हे मुद्दाम सांगून करून घ्यावं लागतं). ओठाकडच्या बाजूला हाड अर्धा मिमी पण नव्हतं. पुढच्या दातांना हे अगदी कॉमन आहे, आणि दात निघाला की तेच हाड आधी झिजतं, हिरडी वर सरकते, मग हसताना इम्प्लांटची काळपट कडा दिसायला लागते. इम्प्लांटच्या पुढे, ओठाकडच्या बाजूला निदान २ मिमी हाड हवंच, म्हणून हाडाची जाडी किती आहे हे पेशंटनीपण विचारत जावं प्लीज. ताईंना स्क्रीनवर ती हाडाची बारीक पांढरी रेघ दाखवली तर बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या "एवढंच?" आता आधी बोन ग्राफ्ट (कमी पडलेल्या जागी हाडाची भर), टाळूतून घेतलेला हिरडीचा तुकडा, आणि लग्नापुरता टेम्पररी दात देतोय, फोटोत काही कळणार नाही.